बेचाळीस किलोंचं दार

गुरुवारी तांबडी पास झाली. साहेबानं चष्मा कपाळावर चढवला, कागदावर सही ठोकली, सुषमानं कोपऱ्यावरून पाव किलो पेढे आणले आणि ते उभ्याउभ्याच संपले.

हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं या घरात त्याबद्दल कोणी ब्र काढणार नाही. ज्यांनी दोन-दोन पेढे खाल्ले तेसुद्धा विचारतील, कसले पेढे? तेव्हा आपणही असं काही झालंच नाही असं धरून चालू. आज सोमवार आहे. सकाळचे अकरा वाजलेत. तांबडी पासबिस काही झालेली नाही. ती तळेगावजवळ वराळ्यात वेल्डर मकसूदच्या शेडमध्ये चार लाकडी ठोकळ्यांवर उभी आहे आणि तिचं डावं दार लागत नाही.

"पुन्यांदा लाव," सखाराम म्हणाला.

मकसूदनं पुन्हा लावलं. दार चौकटीपर्यंत गेलं, कुलपाच्या जिभेला टेकलं आणि नको असलेल्या पाहुण्यासारखं परत आलं. वर एक बोट फट, खाली काहीच नाही.

"आनखी एकदा."

"भाऊ, सकाळपास्नं सत्तावीस वेळा लावलंय," मकसूद म्हणाला. "दार सुधारत नाही. मीच बिघडत चाललोय."

सखाराम रिकाम्या ऑइलच्या डब्यावर बसला. तो छप्पन्न वर्षांचा होता आणि त्यातली चाळीसेक वर्षं दमलेला होता. आजचं दमणं तसं साधंच होतं. पहाटे म्हशी पिळायच्या, आंदर मावळातल्या वाडीवरून फाट्यापर्यंत दीड तास चालायचं आणि तिथून दुधाच्या टेम्पोत किटल्यांच्या मधे उभं राहून तळेगाव गाठायचं. तीन आठवडे तो हे करत होता. सोमवार आणि शुक्रवार. गाडीसाठी, असं तो सांगायचा.

गाडी म्हणजे विलायती दोनसीटर, उघड्या टपाची, साठ सालच्या आगेमागे जन्मलेली. ती इथं आली ती आबामुळं. आबा म्हणजे नवसू, सखारामचा बाप. त्यानं लोणावळ्यात एका शेठच्या बंगल्याची राखण एकतीस वर्षं केली. शेठ बाजाराला निघाला की स्वतः गाडी हाकायचा आणि डाव्या बाजूला भाजीची पिशवी मांडीवर घेऊन नवसू बसायचा. शेठ पोरांकडं परदेशी कायमचा निघाला तेव्हा त्यानं गाडी नवसूच्या नावावर केली. "पेन्शन समज," म्हणाला. नवसूला गाडी हाकता येत नव्हती. पेन्शनीला काय हाकायचं असतं? ती ट्रॅक्टरला बांधून वाडीवर आणली आणि गोठ्यात उभी केली. जागा बैलांची होती. बैलांनी तक्रार केली नाही. पुतळाबाईनं, म्हणजे नवसूच्या बायकोनं केली, आणि तिला आता अठ्ठावीस वर्षं झाली तरी ती संपलेली नाही.

रंग लाल होता म्हणून नाव तांबडी. पुढं रंग गेला आणि गंज आला, तेव्हा नाव बदलायची गरज पडली नाही.

मकसूदनं वाडीवर गोठ्यात येऊन तिचा पत्रा पहिल्यांदा ठोकून बघितला तेव्हाच त्याचा चेहरा उतरला होता. ट्रकला खाली वेगळी चासी असते, हिला नव्हती. दोन्ही दारांखालून पुढून मागं जाणारे पत्र्याचे पोकळ दांडे, तोच तिचा कणा. मकसूद त्याला सिल म्हणायचा. डावं सिल त्यानं तिथंच जरासं कापून बघितलं तर आत पत्रा नव्हताच. गोमूत्र आणि मावळातला पाऊस यांनी मिळून तो अठ्ठावीस वर्षांत संपवला होता. पत्र्याच्या जागी शेण होतं. थरावर थर, चुन्याचा हात दिलेला, दगडासारखा कडक.

"ह्ये मी लिंपलंय," पुतळाबाईनं तेव्हा सांगितलं होतं. "भोकातनं उंदरं जायची. दर दिवाळीला सारवायची."

"मावशी, म्हणजे गाडी शेणावर उभी होती?"

"घर बी शेणावरच उबं हाय. तुजं वेल्डिंग किती साल टिकतं?"

सुषमानं विलायतेहून तयार पत्रे मागवले. दोन बाहेरचे, दोन आतले, मऊ कागदात बाळंतिणीसारखे गुंडाळलेले. यायला दोन महिने लागले आणि ते आल्यावरच तांबडी वराळ्यात आणली. आता गुरुवारी आरटीओत तपासणी होती आणि ती शेवटची होती. त्या दिवशी पास झाली नाही तर नोंद कायमची रद्द, मग भंगार. आणि पास झाली तर लोणावळ्यातली एक पार्टी, बंगलेवाली, ती घेऊन जायला तयार होती. पार्टीचा फोन सखारामचा पोरगा तुषार याच्याकडं रोज यायचा. पार्टीची अट एकच होती, आधी पास करा.

म्हणजे नापास झाली तरी गाडी जाणार आणि पास झाली तरी जाणार. सखारामनं यावर बराच विचार केला होता आणि त्याला त्यातून एवढंच कळलं होतं की आपण पहाटे फार लवकर उठतो.

तुषार पावणेबाराला आला. तळेगावच्या एका कारखान्यात तो रोबोवर लक्ष ठेवायचा. रोबो मोटारींची दारं बसवायचा. त्यामुळं दारांच्या बाबतीत तुषारचा शब्द घरात शेवटचा मानला जायचा.

"कापायच्या आधी टेकू लावला होता ना?" त्यानं आल्याआल्या विचारलं. "दाराच्या चौकटीत, आडवा पाइप? दांडा कापला की बॉडी खाली बसते. टेकू आकार धरून ठेवतो."

"अरे, मी बावीस वर्षं हेच करतोय," मकसूद म्हणाला. "दोन्ही दारांत बोल्टनं आवळून पाइप लावले. सकाळी वेल्डिंग गार झालं तेव्हाच काढले. उजवं दार बघ, बँकेच्या तिजोरीसारखं लागतंय."

तो कोपऱ्यात पडलेला डावा पाइप घेऊन आला. उजेडात धरला. मग उलटा करून पुन्हा धरला.

"काय झालं?" सुषमानं विचारलं. ती सखारामची धाकटी बहीण. तीस वर्षं वराळ्यात नांदत होती. शेड तिच्या घराला लागूनच होती आणि आबा-आई तीन आठवडे तिच्याकडंच राहायला होते.

"ताई, मी नट बाहेरच्या अंगाला ठेवतो. कायम. पान्याला जागा मिळते." मकसूदनं पाइप फिरवला. "ह्याच्यावर नटाचे वळ आतल्या अंगाला आहेत. हा टेकू मी लावलेला नाही. कुणीतरी काढून परत लावलाय."

उर्सेच्या बाजूनं टोल चुकवून आलेला एक ट्रक रस्त्यावरून गेला.

"शुक्रवारी मकसूद हितं नव्हता, तवा तू कुठं होतास?" सुषमानं तुषारला विचारलं.

"ड्यूटीवर! आत्या, माझ्यावर कशाला? मला तर गाडी पास व्हायला हवीय."

"म्हणून इचारलं. घाई तुलाच हाय."

"आणि तुला नाही? गेल्या आठवड्यात तूच म्हणालीस, एकदाची जाऊ दे ती घाण."

"म्हनले. मग? तीन आठवडे मी आबाचं करतेय. अंघोळ मी घालते, आन् मला म्हणतात, 'बाई, तुमचं भाडं किती?' माझ्या घरात मला भाडं इचारतात. ते रोज हितं येऊन ह्या डबड्यात बसतात. गेली तर सुटतील तरी."

"त्ये सुटायचं न्हाई," पुतळाबाई दारातून म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली कुणाला कळलं नव्हतं. "सवत घरातनं गेली म्हंजी नवरा परत मिळतो आसं न्हाई. मी लय वाट बगितलीय."

आबाची आठवण दोन वर्षांपासून उसवली होती. सुषमा त्याला घरमालकीण वाटायची, तुषार लाइटबिलवाला आणि सखाराम म्हणजे अंबाजी. अंबाजी हा नवसूचा थोरला भाऊ, जो वारून चाळीस वर्षं झाली होती आणि ज्याच्याशी नवसूचं बांधावरून वाजलं होतं. त्यामुळं सखारामला येता-जाता मेलेल्या माणसाच्या शिव्या खाव्या लागायच्या. फक्त पुतळाबाईला तो कायम ओळखायचा. तिनं त्याला दुसरा पर्याय ठेवला नव्हता.

"मकसूद," सुषमा म्हणाली, "शेडची किल्ली कुणाकडं असते?"

"माझ्याकडं. पण शुक्रवारी मी जुम्म्याच्या नमाजाला गेलो तेव्हा सखारामभाऊ होते बसायला." मकसूद थांबला. "भाऊ होते," तो पुन्हा, हळू म्हणाला.

सगळ्यांनी ऑइलच्या डब्याकडं बघितलं.

सखारामला वाटलं, आपण काहीतरी मोठं, नीट जुळवलेलं खोटं बोलावं. पण त्यासाठी लागणारी ताकद पहाटेच म्हशींपाशी संपली होती.

"मी काढला," तो म्हणाला.

"का?" चौघांनी एकदम विचारलं.

"आबाला बसायचं व्हतं."

मग त्यानं सांगितलं. मकसूद नमाजाला गेला. आबा काठी टेकत आला आणि डाव्या दारापाशी उभा राहिला. चौकटीत आडवा पाइप. वरून चढणं एक्याऐंशीव्या वर्षी जमेना. तो पाइपाला धरून नुसता हलवत राहिला आणि म्हणाला, "अंबाजी, माज्या वाटंवर काठी का घातली?" त्यात सगळा बांध आला, चाळीस वर्षांचा. सखारामनं पाना घेतला आणि बोल्ट सोडले. सीटं काढलेली होती म्हणून खाली पाट टाकला आणि त्यावर आबाला बसवलं.

"दांडा कापलेला असताना!" मकसूदनं डोक्याला हात लावला.

"बसला, आन् म्हणला, 'सखाराम, बैलं बांधली का?'"

मकसूदनं डोक्यावरचा हात खाली घेतला.

"सखाराम म्हणला," सखाराम म्हणाला. "दोन वर्षांत पयल्यांदा. म्हणलं, बांधली. मग म्हणला, शाळंतनं पळालतास तवा मी तुला हाणला, त्ये जरा जास्तच झालं. मग हिरीचं बोलला. मग म्हणला, तू लय दमलेला दिसतोस. अर्धा तास नीट बापासारका बोलला. तेवढ्यात मकसूदची मोटरसायकल वाजली. मी घाबारलो. आबा आत बसल्यालाच व्हता, तसाच पाइप घातला, बोल्ट आवळलं आन् मग त्याला पेंडीवानी वरनं उचलून काढला."

"आधी उतरवायचं ना, पप्पा!" तुषार ओरडला. "आजोबांच्या वजनानं बॉडी खाली बसली, तुम्ही टेकू आवळला, म्हणजे बसलेला आकार पक्का झाला! त्यावर ह्यांनी वेल्डिंग मारलं!"

"उतरवला की त्याचा परत अंबाजी झाला आस्ता," सखाराम म्हणाला. "बोल्ट आवळस्तवर दोन मिन्टं मिळाली. घेतली."

या गडबडीत आबा आत आला होता. काठी त्यानं भिंतीला लावली, कुणाकडंही न बघता डाव्या बाजूनं गाडीत शिरला, आता सीट होती तिच्यावर बसला, आणि बंगल्यावर एकतीस वर्षं ओढलं तसं दार ओढून घेतलं.

टक्.

फट नव्हती. वरही नाही, खालीही नाही. मकसूद पुढं झाला आणि फटीच्या जागेवरून त्यानं नखं फिरवली.

"लागलं," तो म्हणाला. ज्याच्यावर आपला विश्वास नाही अशी बातमी माणूस जसा सांगतो तसा.

पुढचा दीड तास शास्त्रीय प्रयोगांत गेला. आबाला उतरवलं, दार लागेना. बसवलं, लागलं. तुषार बसला, तो अठ्ठ्याहत्तर किलो, दार खालून घासलं. सुषमा बसली, तिचं वजन तिनं सांगितलं नाही, पण दारानं सांगितलं. पुतळाबाईला विनंती केली. "सवतीच्या मांडीवर मी बसत न्हाई," असं म्हणून ती बाहेर गेली. मग सुषमाच्या घरातला वजनकाटा आणून आबाला तोलला. बेचाळीस किलो. तुषारला कल्पना सुचली. सुषमाच्या कोठीतला इंद्रायणी तांदूळ पोत्यात भरून बरोबर बेचाळीस किलो केला आणि पोतं सीटवर ठेवलं.

दार लागलं. तुषारनं विजयी मुद्रेनं सगळ्यांकडं बघितलं. मकसूदनं गाडी नुसती हातानं हलवली. पोतं कलंडलं, दार उघडलं.

"तांदूळ तोल धरत नाही," मकसूद म्हणाला. "आबा वळणाला अंग चोरतो. एवढ्या वर्षांची घाटाची सवय आहे. पोत्याला कुठून आणायची?"

"परत कापा मग."

"कापतो की. कापलं की नवा पत्रा लागतो, हा पुन्हा वापरता येत नाही. विलायतेहून यायला दोन महिने. आणि खरं सांगू का? चौकटीच्या मुळाशी जुना पत्रा उरलाय तो फार तर एक वेल्डिंग सोसतो. तो सोसून झालाय."

तुषारनं बोटांवर हिशेब मांडला. इंजिनाचं काम आधीच झालं होतं, गुरुवारी गाडी तो चालवेल, आजोबा डावीकडं बसतील, साहेबाला दार लागलेलं दिसेल. पास. मग पार्टी. "दाराचं पार्टीला सावकाश कळंल. म्हणू, जुन्या गाड्यांत असं असतंच."

"खोटं बोलून इकायची?" सखाराम म्हणाला.

"पप्पा, ह्यात खोटं कुणी घातलं? पान्यानं आवळून?"

मुद्दा बिनतोड होता.

"मी तुषारच्या बाजूनं हाय," सुषमा म्हणाली. "दादा, तू सोमवार-शुक्कर येतोस. मी रोज हितं आसते. मला नको ही गाडी. आबा, चला, उतरा आता, जेवायचं हाय." तिनं गाडीपाशी जाऊन दाराच्या मुठीला हात घातला.

आबानं मान वर केली. त्यानं तिच्याकडं बघितलं, जसं ओळखीच्या गल्लीत शिरल्यावर माणूस बघतो.

"सुषमे," तो म्हणाला, "वेणी कुणी घातली तुजी? वाकडी झालीया. हिकडं ये."

सुषमाचे केस आखूड होते. सात वर्षांपूर्वी कापले होते. ती तशीच वाकली. आबानं तिच्या मानेवर हात ठेवला, तिथं नसलेली वेणी सोडली आणि तीन पेड करून पुन्हा घातली. त्याला बराच वेळ लागला. मकसूद पाने पुसत राहिला. तुषारनं फोन बघितला, पण तो बंदच होता.

"जा आता," आबा म्हणाला. "शाळंला उशीर हुईल."

सुषमा सरळ झाली. तिनं नाक ओढलं. मग ती तुषारकडं वळून म्हणाली, "पार्टीला काय सांगायचं त्ये मी सांगंन. तू फोन उचलू नको."

"आत्या, तू आत्ता तर म्हणालीस..."

"आत्ता मी घरमालकीण व्हते."

तुषारनं बापाकडं बघितलं. बाप ऑइलच्या डब्यावर बसून दोन्ही हातांनी डोळे चोळत होता. ते दमण्यामुळं होतं असं नंतर ठरलं.

गुरुवारचं आपण झालंच नाही असं धरलंय, तरी राहवत नाही म्हणून थोडक्यात. मैदानात तुषारनं गाडी आठच्या आकड्यात फिरवली. आबा डावीकडं रिकामी पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. साहेब गाडीभोवती दोन वेळा फिरला, वाकला, डाव्या सिलवर बोट टकटकवलं आणि म्हणाला, "काम चांगलंय. बाबा, तुम्ही जरा उतरा."

सखाराम डाव्या दारापाशी जाऊन उभा राहिला. आबानं साहेबाकडं अत्यंत थंडपणे बघितलं. "शेठ दुकानात गेल्यात," तो म्हणाला. "गाडी सोडून जायचं न्हाई, आसं सांगितलंया."

साहेब हसला. आबाला न उठवता त्यानं गाडीवर कोरलेला नंबर टिपला आणि सही केली.

मग पेढे. तोंडात दुसरा पेढा असतानाच सुषमानं पार्टीला फोन लावला. "न्हाई हो," ती जड जिभेनं म्हणाली, "नापास झाली. व्हय, कायमची. लय वाईट वाटतंय आमाला." फोन ठेवून तिनं तिसरा पेढा उचलला. पुतळाबाईनं आपला वाटा गाडीच्या बॉनेटवर ठेवला, मग कोणी बघत नाही असं वाटून चाकापाशी ठेवला. सवत झाली तरी पोटाला लागतंच.

त्याच दुपारी, फाट्यापर्यंत जाणारा टेम्पो चुकला म्हणून, सखारामनं कचेरीच्या बाकावर बसून अर्ज लिहिला. शब्द अर्जवाल्याला विचारून घातले, पण म्हणणं त्याचं स्वतःचं होतं. खिडकीतल्या बाईंनी तो एकदा वाचला, पुन्हा वाचला, आवक शिक्का मारला आणि कुठल्या फायलीत लावायचा ते न कळल्यानं पेपरवेटखाली ठेवला.

*प्रति,*
*मा. नोंदणी अधिकारी साहेब यांस,*

*विषय: वाहनाच्या नोंदीत एका भागाचा समावेश करणेबाबत.*

*महोदय,*

*उपरोक्त विषयास अनुसरून विनंतीपूर्वक कळविण्यात येते की, सदर वाहन आज रोजी आपल्या कार्यालयाने पुढील पाच वर्षांकरिता योग्य ठरविले आहे, त्याबद्दल आभारी आहे. तथापि सदर वाहनाचे डावे दार श्री. नवसू (वय ८१, वजन ४२ किलो) हे आत बसले असतानाच लागते, इतर वेळी लागत नाही. तरी त्यांची नोंद वाहनाचा अविभाज्य भाग अशी करण्यात यावी. सदर भाग जुना असून त्यास ठिकठिकाणी गंज धरला आहे. चौकशी केली असता त्याचा बदली पत्रा विलायतेतही मिळत नाही असे समजते.*

*वाहनास दिलेली पाच वर्षांची मुदत सदर भागासही लागू करावी, व ती संपल्यावर वाहनासोबत त्याचेही वेळोवेळी नूतनीकरण करून मिळावे, ही नम्र विनंती.*

*आपला विश्वासू,*
*सखाराम (अंबाजी नव्हे)*